नववा वासा

नववा वासा बसला नाही.

खालची खाच भिंतीवरच्या लाकडावर नेमकी बसली होती, पण वरचं टोक आढ्याला टेकायच्या ऐवजी त्याला रेटत होतं. मोतीरामने खांद्याने दाब दिला, तसं टेकूंवर उभं केलेलं आढंच पश्चिमेकडे सरकलं आणि करकरलं. त्याने झटकन दाब काढला. खाली अंगणात अर्धा गाव जमला होता आणि त्यातली निम्मी माणसं माना वर करून त्याच्याकडेच पाहत होती.

"बसला का रे?" निंबाखाली बाजेवर बसलेल्या उकंडरावांनी विचारलं.

"बसते, बाबा. जरासं तासा लागते."

मोतीराम हे साफ खोटं बोलला. त्याने आढ्यापाशी अंगठा लावून पाहिला होता. वासा इंचभर जास्त होता. दुसऱ्या कोणाच्या घरी इंचभर म्हणजे काही नसतं; वाढ्याच्या, म्हणजे सुताराच्या, घरी इंचभर म्हणजे गावभर होतं. त्यातून हे छप्पर चार पाखांचं, चारी बाजूंनी उतरतं. गावातली सगळी घरं सपाट धाब्याची, फार तर दोन पाखांची. चारही कोपऱ्यांतून आढ्याकडे चढत जाणारे कोनवासे आणि त्यांच्या अंगाला आखूड होत जाणारे वासे, हे काम संग्रामपुरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एकट्या उकंडराव वाढ्याचं. आणि या छपराचा स्वभाव असा की आढं एका इंचाने सरकलं तर चारही कोनवासे चुकतात. एकाची चूक चौघांना भोगावी लागते.

उकंडरावांनी अशी अकरा छपरं उभी केली. सगळी दुसऱ्यांची. स्वतः मात्र सत्तरी गाठेपर्यंत गळक्या धाब्याखाली राहिले. या वर्षी एकदाचं त्यांनी मनावर घेतलं, सागवान आणलं, आणि माघात कामाची वाटणी केली. पश्चिमेचं पाख आणि कोनवासे मोतीरामने कापायचे. पूर्वेचं पाख मात्र, आढ्याला टेकणाऱ्या एकाच मापाच्या नऊ वाशांचं, म्हातारा म्हणाला, माझ्या हातचं. आज त्या पाखाचा पहिला वासा असा बसला होता की फटीत पोस्टकार्ड गेलं नसतं. मग टोकाचा नववा वर घेतला आणि ही तऱ्हा.

आता रीत अशी होती की दोन्ही टोकांच्या जोड्या बसल्या, आढं स्वतःच्या वाशांवर उभं राहिलं, की टेकू काढायचे आणि मग आढ्याला खण-नारळ बांधायचा. नारळ घेऊन गुरव बसला होता. मागे चुलाणावर वांग्याची भाजी रटरटत होती आणि रोडगे राखेतून काढून फडक्यावर ओतले होते. टेकू काढल्याशिवाय कोणाच्या पोटात घास जाणार नव्हता.

मोतीराम खाली उतरला तो थेट वामनरावांच्या पुढ्यात. वामनराव म्हणजे बहीण आशाबाईचे यजमान, हिवरा आश्रमाकडचे. तेही वाढईच, बैलगाडीच्या चाकाच्या पलीकडे विद्या गेली नाही, पण जीभ मात्र रंध्यासारखी चालायची.

"लांब हाये," वामनराव हळूच म्हणाले.

"हो."

"लाकूड कापून आखूड होते, मोतीरामभाऊ. लांब होत नाई. म्हंजे कापतानाच लांब कापला. आता बाबाइच्या हातून इंचभर चुकन का?"

"कदीच नाई."

"मंग हा हात बाबाइचा नाई." वामनरावांनी मान न हलवता नुसते डोळे विहिरीकडे वळवले. तिथे धाकटा भाऊ पंजाबराव दोर ओढत होता. "होळीले आठ दिवस कोण राह्यलं होतं इथं? बुलढाण्यात बाकं बनवून राह्यलेत, मीटरच्या टेपानं. मी काही म्हणत नाई बाप्पा. पाव्हणा मानूस."

मी काही म्हणत नाही असं म्हणणाराच सगळं म्हणून मोकळा होतो. मोतीरामच्या मनात पाल चुकचुकायला एवढं पुष्कळ होतं. खरं सांगायचं तर ती संक्रांतीपासूनच चुकचुकत होती. धाकटा पंजाबराव नोकरीला बुलढाण्यात. बायको शालूबाई इथे सासऱ्यापाशी. त्या बाकांच्या कारखान्यात काय शिकला कोण जाणे, पण हल्ली आला की बापाच्या कानाशी लागून बसायचा, आणि मोतीराम जवळ गेला की दोघं पिकापाण्याचं बोलायला लागायचे. शेत नव्हतं घरात, पिकाचं काय बोलायचे?

आणि त्यामागे खरं दुखणं होतं ते गुण्याचं. उकंडरावांचा लोखंडी गुण्या, काटकोन धरायचं हत्यार, त्यांच्या आज्यापासून चालत आलेला. वाशाचा तिरपा काप त्यावरूनच निघायचा. वाकस, पटाशा, करवती कोणीही हाताळाव्यात, गुण्याला मात्र म्हातारा हात लावू द्यायचा नाही. ज्याच्या हाती गुण्या त्याच्या हाती घराणं, असं त्यांच्यात म्हणत. वीस वर्षं मोतीराम बापाच्या खांद्याला खांदा लावून राबला, आणि वीस वर्षं तो गुण्या आपल्याकडे सरकवला जाईल म्हणून वाट पाहत होता. म्हाताऱ्याने पूर्वेचं पाख स्वतःच्या नावावर ठेवून धाकट्याकडून कापून घेतलं असेल, तर गुण्या कुठे निघालाय ते सांगायला ज्योतिषी नको होता.

तो मागच्या अंगणात पाणी प्यायला गेला. त्याची बायको गीताबाई तांब्या देऊन तिथेच थांबली.

"अजी, आयकता का? रागवाल नाई तर सांगते."

"सांग."

"चैत्रात रोज दुपारी, तुम्ही गावात कामाले गेले का शालूबाई त्या लाकडाच्या पडवीत जाये. बाबा आंधी जात, मंग ही जाये, आन् ताट्या लावून घे. दोन-दोन घंटे. मी एक डाव गेली तं म्हने, बाई, बाबाइले पानी देऊन राह्यली. पान्याले दोन घंटे लागतात का?"

"मले आदी काऊन नाई सांगतलं?"

"सुनेच्या आन् सासऱ्याच्या मंधात काय बोलावं मानसानं? मले वाटे, बाबा तिले दागदुगिना देतात का काय." गीताबाईने पदर सावरला. "आन् आज सकायी पंजाबभावजीची थैली उचलून ठेवली मी. जड लागली. गुण्या हाये आतमंदी."

मोतीरामने तांब्या खाली ठेवला.

"पाह्यला तू?"

"टोक बाहेर आलं होतं. मी काय गुण्या वयखत नाई?"

संशयाचं एक बरं असतं, त्याला पुरावा कधी कमी पडत नाही. मोतीराम पडवीत गेला, खुंटीवरची थैली काढली आणि उघडली. सदरा, धोतर, मीटरचा टेप आणि खाली जुन्या फडक्यात गुंडाळलेला बापाचा गुण्या. त्याने तो हातात घेतला. गुण्याच्या लांब बाजूवर कानशीने खाचा घातल्या होत्या. इंचाइंचावर एक खाच, आणि दर सहाव्याला दोन. चार पिढ्यांच्या लोखंडाला कोणी कानस लावली होती.

तो गुण्या तसाच उघडा धरून अंगणात आला. त्याला इतका राग आला होता की लोक आहेत, बाप आहे, पाव्हणे आहेत, काही काही त्याला दिसलं नाही.

"पंजाब, हे काय हाये?"

पंजाबराव विहिरीपाशी उभा राहिला. दोर हातातून सुटून बादली धाडकन आत गेली.

"थैलीत कसा आला हा? आन् कानस कोणं लावली?"

"मी लावली," पंजाबराव म्हणाला.

"काऊन?"

पंजाबरावाने बापाकडे पाहिलं. उकंडराव बाजेवर ताठ बसले होते, चेहरा विहिरीच्या दिशेने, ओठ मिटलेले.

"ते नको विचारू, दादा."

"नको विचारू? वासे तू कापले. बाबाइच्या नावाखाली तू पाख कापलं, मीटरनं, आन् आज आढं सरकून राह्यलं. आन् वरतून म्हंतो नको विचारू. घर तुले पाहिजे असन तं तोंडानं मांग नं. बापाले चोरून काऊन नेतो?"

"मी एक बी वासा कापला नाई."

"मंग कोणं कापला? पूर्वेचा वासा इंचभर लांब हाये. बाबाइनं कापला का?"

वामनरावांनी सुस्कारा टाकला, जणू आपल्याला हे ऐकावं लागलं याचं त्यांना फार दुःख झालं होतं. त्यांनीच काडी लावली होती. आता हात शेकत उभे राहिले.

पंजाबराव म्हणाला, "हो. मीच कापले असं समज." पडवीतून त्याने थैली आणली, पायात वहाणा घातल्या आणि अंगणाबाहेरच्या दगडावर जाऊन बसला. बुलढाण्याची मोटार तीनशिवाय नव्हती, नाहीतर तो तेवढंही थांबला नसता.

असं समज. मोतीरामला ते शब्द खटकले. चोर पकडला गेला की शपथा घेतो नाहीतर भांडतो. हा मात्र दुसऱ्याचं ओझं उचलावं तसं बोलून निघून गेला होता. पण लोकांसमोर तोंडातून गेलेलं मागे घेता येत नव्हतं, म्हणून तो रागातच पडवीकडे वळला.

दाराशी शालूबाई उभी होती, पदर नाकापर्यंत. ती भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, बोलत नसे. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिचा आवाज मोतीरामने भिंतीआडूनच ऐकला होता. आताही ती गीताबाईकडे तोंड करून म्हणाली,

"बाई, त्याइले म्हना, राह्यलेले सात वासे खाली हायेत. वर चढवलेले दोन उतरवून आना आन् वळीनं मांडून पाहा. पह्यल्यापासून नवव्यापरेंत. मंग ज्याले बोलाचं त्याले बोला."

मोतीरामला ऐकू आलं होतंच. "काय व्हते मांडून?" त्याने गीताबाईलाच विचारलं.

"मले समजत नाई त्याच्यातलं," शालूबाई म्हणाली. "त्याइले समजन."

हीसुद्धा काहीतरी चाल असेल असं त्याला वाटलं. तरी त्याने वासे उतरवले आणि पडवीच्या मागे सपाट जमिनीवर एकाशेजारी एक लावले. प्रत्येकाच्या कुशीत पटाशीने मारलेल्या रेघा होत्या, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन. म्हाताऱ्याचाच हात, त्या रेघा दुसऱ्या कोणाला तशा साधत नव्हत्या. खालच्या खाचा त्याने एका फळीला टेकवल्या आणि वरच्या टोकांकडे गेला.

टोकं पायऱ्यांसारखी चढत गेली होती. दुसरा वासा पहिल्यापेक्षा एक सूत लांब. तिसरा दुसऱ्यापेक्षा एक सूत. चौथा तिसऱ्यापेक्षा. आठ वेळा एक-एक सूत, मिळून नवव्याला एक इंच.

मोतीरामने टोकांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

मुद्दाम बिघडवणारा असं करत नाही. तो एखादा वासा बिघडवतो, नाहीतर सगळे सारखे बिघडवतो. मीटरच्या टेपानेही असं होत नाही. ही चूक एकाच तऱ्हेने होते: पहिल्या वाशाला नमुना धरून प्रत्येक नवा त्यावरून आखायचा सोडून, आधीच्यावरून पुढचा, पुढच्यावरून त्याच्या पुढचा आखला, की दर खेपेला रेघेची जाडी वाढत जाते. वाढ्याच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. मोतीराम बारा वर्षांचा असताना त्याने पाच वासे असेच काढले होते, आणि उकंडरावांनी त्याच्या गालफडात अशी दिली होती की दोन दिवस कान वाजत होता. "नमुन्यावरून," एवढंच ते म्हणाले होते. त्यानंतर आजवर या घरात ती चूक झाली नव्हती.

ज्याने ती चपराक मारली, त्यानेच हे वासे कापले होते. मोतीरामने जवळ जाऊन रेघा पाहिल्या. पेन्सिल नव्हती, काव नव्हती. खिळ्याने खोल ओरखडलं होतं, अंगठ्याला लागेल असं. करवत त्या ओरखड्याच्या बाहेरून गेली होती, दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत बाहेरूनच. त्याने गुण्या उचलला, डोळे मिटले आणि खाचांवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहाव्याला दोन. अंगठ्याला इंच कळत होते.

"कदीपासून?" त्याने डोळे न उघडताच विचारलं. या वेळी गीताबाईला मध्ये घेतलं नाही.

शालूबाईही सरळ बोलली.

"संक्रांतीपासून. डाव्या डोयानं काहीच नाई दिसत. उजव्यानं सावली दिसते. पडवीत मी टोकं धरो, ते हातानं पाहेत आन् कापेत. कापलेले मी मांगं ढकलो. पह्यला वासा ढिगाच्या खाली गेला. मी म्हनलं काढते, तं माह्या कमरेले उसण भरली. बाबा म्हने, राहू दे पोरी, हाच घे हाताखालचा. मले काय ठाऊक का त्यानं बिघडते?"

"आन् गुण्या?"

"बाबाइनंच होळीले खाचा पाडाले लावल्या. आता दिवसेंदिवस त्या बी समजत नाईत म्हने, आनखी खोल करून आन. म्हनून याइच्या थैलीत होता."

"मले काऊन नाई सांगतलं कोणं?"

शालूबाई हळूच म्हणाली, "बाबाइनं आम्हाले शपथ घातली होती. म्हने, मोतीरामले कयलं का तो माह्या हातची करवत काढून घेईन. तो काम बिघडू देत नाई कोणाले. बापाले बी नाई देनार."

ते खरं होतं म्हणून मोतीरामला जास्त लागलं. त्याला कळलं असतं, तर त्याने दुसऱ्या दिवशी करवत काढूनच घेतली असती, आणि वर म्हणाला असता, बाबा, तुम्ही आता आराम करा. वीस वर्षं तो गुण्याची वाट पाहत होता, आणि बाप वीस वर्षं त्याच्या वाट पाहण्याला भीत होता. आपण धाकट्याला चोर ठरवलं आणि त्याने बापाची झाकली मूठ उघडू नये म्हणून चोर व्हायचं कबूल केलं, हे आठवून त्याला मान वर करवेना.

अंगणातून वामनरावांचा आवाज आला. पोटात भूक आणि समोर एवढे कान, माणसाला राहवतं कुठे. "अहो, मुहूर्त टळून राह्यला. एक डाव सांगून टाका नं, पाख कोणं कापलं? बाबा, तुम्हीच सांगा बरं. तुमच्या हातचं का दुसऱ्याच्या?"

मोतीराम पळतच पुढे आला. उकंडराव बाजेवरून उठून उभे राहिले होते. एक हात निंबाच्या खोडावर. तोंड उघडलं होतं, आणि आता ते खरं सांगणार हे मोतीरामला त्यांच्या मानेवरून कळलं. त्या माणसाने आयुष्यात लाकडाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. अकरा छपरं उभी करणारा उकंडराव वाढई गावासमोर आपल्या तोंडाने सांगणार होता की मला दिसत नाही आणि मी पोरासोरांसारखी चूक केली.

"मी कापलं," मोतीराम म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"बाबाइनं पह्यला कापून देला. बाकीचे आठ माह्यापाशी सोपवले. मी नमुना सोडला आन् एकावरून एक काढत गेलो. घाई झाली होती. पंजाबनं हात बी नाई लावला. माह्याच चुकीचं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं मी." तो बोलत राहिला. "समद्याच्या समोर बोललो, समद्याच्या समोर सांगतो. चुकलो."

वामनरावांचं तोंड उघडं राहिलं. दगडावरचा पंजाबराव उठून उभा राहिला.

उकंडराव मोतीरामच्या आवाजाच्या रोखाने चालत आले. अंगण त्यांच्या पायाखालचं होतं, एकदाही ठेच लागली नाही. ते हातभर अंतरावर थांबले. चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणावं की काय म्हणावं, मोतीरामला कळेना. मग त्यांनी उजवा हात उचलला.

गाव पाहत होतं. हात निघाला, आणि मोतीरामने पाहिलं की तो भलतीकडे निघाला आहे. वीतभर डावीकडे, जिथे नुसती हवा होती. तो हात हवेतून रिकामा गेला असता, तर मग कोणाला काही सांगायची गरज उरली नसती.

मोतीरामने गाल पुढे नेला.

चपराक बसली. विहिरीपर्यंत आवाज गेला. गीताबाईने तोंडावर पदर धरला आणि मागच्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, हात अजून तोच आहे उकंडरावाचा.

"नमुन्यावरून," उकंडराव मोठ्याने म्हणाले.

"हो, बाबा."

हात गालावरून निघाला नाही. बोटं कानशिलापर्यंत गेली, तिथे थांबली. मग म्हातारा इतक्या हळू बोलला की फक्त त्यालाच ऐकू आलं.

"गाल तू आनला."

मोतीरामने गाल त्या हातातच राहू दिला.

"मंग गुण्या बी तूच ठेव," उकंडराव म्हणाले, आणि वळून बाजेकडे चालू लागले. दोन पावलांवर शालूबाईने, कोणाच्या लक्षात येणार नाही असा, त्यांच्या कोपराखाली हात घातला.

मोतीरामने गुण्या कमरेला खोचला. करवत मागवली, आणि पहिला वासा आडव्या लाकडावर ठेवून त्याच्यावर नववा चढवला. पंजाबराव फाटकाशी थैली घेऊन तसाच उभा होता, आत यावं की जावं अशा पायांवर.

"पंजाब," मोतीराम म्हणाला, "दुसरं टोक धर."